धुरपतामाय आणि धुऱ्यावरची पाहुणी

धुरपतामायनं त्या वेलाचं नाव माझ्यासमोर एकदाही घेतलं नाही. सारं गाव त्याला खाजकुयरी म्हणायचं. ती म्हणायची पाहुणी. "नाव घेतलं की ती मान वळवून बघती," असं तिचं म्हणणं, आणि ते ती इतक्या हळू आवाजात सांगायची की ऐकणाराही नकळत धुऱ्याकडं बघायला लागे. साप निघाला तर आपण जनावर निघालं म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त मायच्या बोलण्यात भीतीपेक्षा लाड जास्त होता. "आज पाहुणीकडं जायचंय" असं म्हणून ती विळा उचलायची, तेव्हा ती माहेरी निघालीय असंच वाटायचं.

मी त्या गावात उपकेंद्रावर नर्स म्हणून गेले. डोंगरकडा नावाच्या बाजारगावापासून आत, माळाच्या उतारावर वसलेलं गाव. तेव्हा माझा तीनच गोष्टींवर विश्वास होता: स्वच्छ पाणी, साबण आणि माझं स्वतःचं डोकं. पहिल्याच महिन्यात तिन्ही तोंडावर पडली.

थंडीचे दिवस होते. लसीकरणासाठी तांड्यावर निघाले होते. वाटेत फोन आला म्हणून गाडी थांबवली. धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, बाभळीवर चढलेला एक वेल होता आणि त्याला सोनेरी, मखमली शेंगांचे घोस लटकत होते. फोनवर बोलताना माणूस हाताला लागेल ते कुरवाळत बसतो. मी शेंग कुरवाळली. पुढच्या क्षणी फोन मातीत आणि मी जागेवर नाचतेय. बोटांना खाज, मनगटाला आग, मग दोन्हीकडं दोन्ही. मी बाटलीतलं पाणी ओतलं, खसाखसा चोळलं, ओढणीनं पुसलं. त्याच ओढणीनं मानेवरचा घाम टिपला. मग मानही पेटली.

"पानी वतलं?" मागून आवाज आला. "चोळलं बी. आन् वढणी मानंला बी लावली. लई शिकेल दिसती."

ती मला पहिल्यांदा दिसली ती अशी. उंच, वाळकी, हिरव्या लुगड्यातली म्हातारी. डोळे नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाचे. पुढं आठ वर्षं मी ते डोळे पाहिले, एक क्षण सोडला तर ते कधी पुरते जागे झाले नाहीत. ती घाईनं आली नाही. आपल्या म्हशीच्या मागं गेली, ताजं शेण घेतलं आणि माझ्या हाताला थापायला लागली. मी ओरडले, "मावशी, शेण नको! धनुर्वात होईल!"

"हात फुटलाय का कुटं? रगत हाय का?"

"नाही."

"मंग गप बस."

मला तिनं उन्हात एका दगडावर बसवलं. मानेला, कोपराला, सगळीकडं शेणाचा जाड थर. वाळस्तोर हलायचं न्हाई, खाजवायचं न्हाई, एवढं बजावलं आणि समोर बसून विचारलं, "काल सपनात काय दिसलं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा विचारलं. मी वैतागून, पण खरं तेच सांगितलं. मी परीक्षेला बसलेय आणि पर्यवेक्षक म्हणून माझे वडील उभे आहेत. ते जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्या हातात टोपली आहे आणि ते परीक्षेच्या हॉलमध्ये पेरू विकतायत.

"पेरू गोड व्हते का?"

"मी खाल्ले नाहीत."

"खाऊन बघायचं व्हतं," ती खऱ्या काळजीनं म्हणाली. "इतक्या लांबून आनले व्हते त्यायनं."

मला एकदम रडू आलं. वडील गेल्यावर इतकं साधं रडू मला आलंच नव्हतं. रडून होईपर्यंत शेण वाळलं. तिनं पापुद्रे अलगद सोलून काढले आणि त्यांच्याबरोबर खाजही बरीचशी गेली. "तिची लव असती बारीक," तिनं समजावलं. "चोळली, पानी लावलं, की आत शिरती. शेन वाळलं की त्याच्यासंगं निगून येती." नर्सिंगच्या तीन वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी लस द्यायला तांड्यावर पोचले तेव्हा माझ्या अंगाला शेणाचा वास येत होता. तिथल्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या. त्यांना विचारायची गरज पडली नाही.

पुढं आमची देवाणघेवाण सुरू झाली. कातडी फुटलेली असेल तर शेण लावायचं नाही, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. ती अशा जागी भिजवलेल्या कणकेचा गोळा फिरवायला लागली. मी दवाखान्यातली चिकटपट्टी दाखवली. चिकटवायची, ओढायची, लव पट्टीला येते. ती पट्टी उलटसुलट बघत म्हणाली, "हे तं शेनाचंच शहरातलं भावंड." पण पट्टी काढायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात कुणाचं स्वप्न सांगून होत नाही, ही तिची खरी तक्रार होती. शेण वाळायला लागणारा वेळ तिला हवा असायचा. निम्म्या गावाची स्वप्नं तिला ठाऊक होती. एकाचं दुसऱ्याला तिनं कधी सांगितलं नाही.

तिच्या स्वतःच्या बोलण्यात मात्र स्वप्न कुठं संपलं आणि दिवस कुठं उजाडला ते कळायचं नाही. "परवा माझी सासू आलती. ऱ्हाय म्हनलं तं न्हाई ऱ्हायली," असं ती सांगायची. मी चहा पीत हळहळायचे आणि घरी गेल्यावर आठवायचं की ती सासू केव्हाच वारली आहे. हळद शिजवायच्या दिवसांत गावावर पिवळट वाफ रेंगाळायची, दूरचा डोंगर त्यात विरघळून जायचा. अशा दुपारी मायच्या अंगणात बसलं की मलाही पेंग यायची. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकी निवांत दुसरीकडं कुठं बसले नाही.

पाहुणी तिनं मुद्दाम राखली होती. धुऱ्यावर तो वेल होता म्हणून तिच्या तुरीत वानरं उतरत नसत. माणसंही नसत, एखादा अपवाद सोडला तर. एकदा सकाळी दोन तालेवार गडी, एक पूर्वेकडून आणि एक पश्चिमेकडून, अंगावर उपरणं घट्ट गुंडाळून तिच्या अंगणात आले. एकमेकांना बघून दोघांचीही तोंडं उतरली. मायनं काही विचारलं नाही. दोघांना शेण फासून शेजारी शेजारी उन्हात बसवलं. रस्त्यानं जाणारायेणारा "रामराम पाटील" म्हणून जात होता. तुरीच्या शेंगा कुणी तोडल्या याचा पंचनामा त्यापेक्षा चांगला झाला नसता. मी नंतर विचारलं, "काय म्हणाले गं?"

"सपान सांगितलं दोघायनं. खोटं व्हतं," ती म्हणाली. "पन चांगलं व्हतं."

पण वेल राखायचं खरं कारण तूर नव्हती. ते घरात बसलेलं होतं. तिचे मालक, किसनतात्या.

तात्यांची मूठ एके काळी पंचक्रोशीत नावाजलेली. पेरणीच्या तिफणीमागं चालत तिच्या चाड्यात, म्हणजे लाकडी नरसाळ्यात, मुठीतून बी सोडायचं, ना जास्त ना कमी, हे काम येरागबाळ्याचं नाही. तात्यांनी पेरलेली ज्वारी उगवली की ओळी दोरीनं आखल्यागत दिसायच्या, असं म्हातारे सांगत. ट्रॅक्टर आला, तिफण गेली आणि मागोमाग तात्यांच्या हाताला कंप सुटला. आधी एक बोट, मग पंजा. मी गेले तेव्हा उजवा हात सारखा थरथरत असे, जणू मुठीतून अजून काही सांडतंय.

एका पंगतीत त्यांच्या हातून वरणाची वाटी मांडीवर उपडी झाली. कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून तात्या चारचौघांत जेवले नाहीत. कुणाकडून भरवूनही घेतलं नाही. "हातानं जेवीन, न्हाई तं ऱ्हाईन तसाच," एवढंच म्हणाले. घरातही दार लोटून एकटेच जेवायचे. मायलाही आत जायची मुभा नव्हती. पंचेचाळीस वर्षं ज्या बाईनं वाढलं तिच्यापुढं त्यांना लाज वाटत होती.

त्यासाठी होती पाहुणी. शेंगा वाळल्या की माय ओलं पोतं हाताला गुंडाळून त्या तोडायची, भिजवून, ठेचून आतल्या काळ्याभोर बिया काढायची. बिया दुधात शिजवायच्या, साल काढायची, वाळवून दळायच्या. हे तिला तिच्या आजीनं शिकवलेलं. ती पूड घेतली की थोड्या वेळानं तात्यांचा हात शांत व्हायचा, घटकाभर. तेवढ्यात जेवण उरकायचं. त्या वेळेला अंगणात कुणीही असो, माय उठवायची. "जा आता." मलाही तिनं कितीदा अर्ध्या चहावरून उठवलंय. मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून मी मागं लागायचे. ती डोळे मिटून मान हलवायची, आणि तो होकार आहे की डुलकी हे मला कधी कळलं नाही.

आता माझी चूक सांगते.

त्या वर्षी शाळेची पोरं रोज खाजवत उपकेंद्रावर यायची. शाळेची वाट मायच्या धुऱ्यावरूनच होती. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला तेव्हा मी उठून ठसक्यात बोलले की वाटेवरचा खाजकुयरीचा वेल काढून टाकला पाहिजे. माय सभेला नव्हती. ती असल्या सभांना कधीच नसायची. बोलताना तात्यांचा हात माझ्या डोळ्यांपुढं आलाच नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी खूश झाले.

उपसरपंच भानुदास म्हणजे उत्साही गडी, सांगितलं की केलं. होळीआधीचे दिवस, तसेही लोक धुरे पेटवतच होते. माय डोंगरकड्याच्या बाजाराला गेलेली पाहून भानुदासनं सातआठ पोरं घेतली. त्यांनी काय करावं? वाळलेला वेल आकड्यांनी ओढला, काठ्यांनी झोडपून खाली पाडला, ढीग केला आणि मग काडी लावली. वारा डोंगराकडून गावाकडं होता. आधी झोडपल्यामुळं आणि मग जाळाच्या झोतानं ती सोनेरी लव उठली ती थेट गावात.

आधी हळदीच्या कढईवरच्या बाया उठून पळाल्या. मग शाळा सुटली. मग पारावरचे म्हातारे. भानुदासनं सदरा काढून भिरकावला, म्हणजे उरलेली पाठही वाऱ्याला मोकळी केली. लोक हौदात उड्या मारत होते. मी गल्लोगल्ली ओरडत होते, "पाणी लावू नका, चोळू नका!" आणि माझं कुणीही ऐकत नव्हतं. माझी चिकटपट्टी पाव तासात संपली.

तेवढ्यात माय ऑटोतून उतरली. हातात बाजाराची पिशवी. तिनं धूर पाहिला, मग गाव पाहिलं.

"पेटवली?"

"मावशी," भानुदास मांडी खाजवत रडकुंडीला येऊन म्हणाला, "शिस्टरनंच सांगितलं व्हतं सभेत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तेवढा एक क्षण तिचे डोळे लख्ख जागे होते. ते मला आजही सहन होत नाहीत. मग पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "शेन आना. ज्याच्या घरी असंल त्यानं आना."

गोठ्यागोठ्यातून पाट्या भरून आल्या. डोळ्यांत गेलेल्यांचे डोळे स्वच्छ पाण्यानं धुवायचं काम तिनं माझ्याकडं दिलं. बाकीचं गाव तिनं शेणानं लिंपलं आणि माळावर ओळीनं बसवलं. पाटील, मजूर, मास्तर, भानुदास, सगळे एका रंगाचे. उन्हं कलली होती. कुणी हलत नव्हतं, आणि माय एकेकापुढं बसून विचारत होती, "काल सपनात काय दिसलं?" सगळीकडून हलक्या आवाजातली स्वप्नं ऐकू येत होती. कुणाचं पूर आलेल्या कयाधू नदीचं, कुणाचं मेलेल्या बैलाचं. भानुदास, अख्खा उपसरपंच, सांगत होता की तो लहान आहे आणि त्याला घर सापडत नाहीये. इतकं शांत गाव मी कधी पाहिलं नाही.

सगळ्यात शेवटी ती माझ्याकडं आली. माझ्या दोन्ही हातांना तिनं शेण लावलं, नीट, काळजीनं. स्वप्न विचारलं नाही.

घरात बियांची पूड एक डबाभर उरली होती. ती महिन्याभरात संपली. मग तात्यांचं ताट जसं आत जायचं तसं बाहेर यायला लागलं. भाकरीचे तुकडे जमिनीवर पडलेले आणि पोटात काहीच नाही. माय भरवायला गेली तर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. मी रोज जायचे आणि उंबऱ्याबाहेरून बघून परत यायचे. एक दिवस बोलले, "माय, माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

"तात्यांना नांदेडला नेऊ. मी येते संगं."

"तुमचं ऐकून एकडाव झालं की." एरवी अगं-तुगं करणारी माय मला 'तुमचं' म्हणाली, हे मला जास्त लागलं.

चार दिवसांनी ती स्वतःच उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली. "रातच्याला पाहुणी सपनात आलती," म्हणाली. "जांभळं लुगडं नेसून. दारातच बसली. म्हनली, मी न्हाई आता, तू त्या शिस्टरसंगं जा." तिला खरंच तसं स्वप्न पडलं, की मला तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून तिनं ते रचलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलंही नाही.

नांदेडचे डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी तात्यांना चालवलं, बोटं जुळवायला लावली, मग मायला विचारलं, आजवर काय दिलं. तिनं आजीपासून सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले आणि म्हणाले की या आजारावर जे औषध गोळीत देतात तेच त्या बियांमध्ये निसर्गतः असतं. पण बीत ते किती आहे ते मोजता येत नाही, म्हणून आता दोन्ही मिळून द्यायचं नाही, फक्त गोळी.

"म्हंजे माझं बराबर व्हतं," माय म्हणाली.

"बरोबर होतं. पण आता गोळीच."

"बराबर व्हतं ना?"

"होतं, आजी."

परतीच्या वाटेवर तिनं ते जीपवाल्याला सांगितलं, शेजारच्या बाईला सांगितलं, आणि गावात उतरल्यावर भानुदासला बोलावून सांगितलं. गोळी आहे म्हणून तात्या लगेच बरे झाले नाहीत. हा आजार जात नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोनतीनदा गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागलं. कधी हात ऐकायचा, कधी नाही. दार मात्र लोटलेलंच असायचं.

पावसाळ्यात जळक्या धुऱ्यावर वेलाचे दोन कोंब आले. मायनं भोवती काट्या लावल्या. मी म्हटलं, "आता काहून? गोळ्या आहेत की."

"तिला काय ठावं गोळ्या आल्या म्हून?" ती म्हणाली. "ती आपली येऊन राहिली."

भानुदासनं शाळेची वाट दुसरीकडून काढून दिली आणि धुऱ्यावर पाटी लावली: 'येथे हात लावू नये.' कशाला, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं. मायनं लिहू दिलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी जेवणाच्या वेळेला, मुद्दाम नव्हे, आवरता आवरता तीच वेळ झाली, मी मायकडं गेले. अंगणात कुणी नव्हतं. दार सताड उघडं होतं. मी कुडाशीच थांबले.

आत तात्या ताटावर बसले होते. माय त्यांच्याच खोलीत, पण त्यांच्याकडं पाठ करून, दाराकडं तोंड करून बसलेली. डोळे मिटलेले, हात मांडीवर. मागून भाकरी मोडल्याचा आवाज येत होता. मध्येच काहीतरी सांडलं. ती हलली नाही. तात्यांनी तुकडा उचलला, तो वाटीच्या काठावर थरथरला, भाजीत बुडाला, आणि बराच वेळ घेऊन तोंडापर्यंत गेला. मग दुसरा.  निरोप घ्यायला आलेय हे विसरून गेले होते.

"धुरपता," आतून तात्या म्हणाले. "इकडं तोंड कर."

ती लगेच वळली नाही. आधी पदरानं डोळे पुसले, पदर नीट केला आणि मग हळूच वळली. तात्यांनी तिसरा घास उचलला. मी तशीच मागं फिरले.